आधी सुई, मग गोळी

वाचकांचे प्रश्न : आतड्याची औषधं आणि सुजलेले सांधे

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारांत प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून अशा रुग्णांची जी पत्रं आली, त्यांतली निम्मीअधिक पोटाबद्दल नसून सांध्यांबद्दल आहेत. त्यातली काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : धाकट्या भावाला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम आणि अझाथायोप्रिन १०० मिलिग्रॅम चालू होतं. श्रावणात उजवा गुडघा सुजला. दोन दिवस घरी शेकला, मग जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. ताप ९९.२ च्या वर कधी गेला नाही. आठव्या दिवशी नाशिकला गुडघ्यातलं पाणी काढलं तर पू निघाला, पण कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहतात त्या तपासणीत) जंतू सापडलाच नाही. ऑपरेशन करून सांधा धुतला. आता गुडघा पुरता वाकत नाही. इतका पू होता तर ताप का नव्हता? आणि कल्चर रिकामं कसं आलं?
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : ताप जंतू आणत नाहीत, आपलं शरीर आणतं. पांढऱ्या पेशी जंतूंशी भिडल्या की काही रसायनं सोडतात, ती मेंदूपर्यंत पोचतात आणि अंग तापतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड नेमकी हीच रसायनं दाबतं, आणि अझाथायोप्रिन पांढऱ्या पेशींची पैदासच कमी करतं. भावाच्या गुडघ्यात पू साठत होता, फक्त त्याची वर्दी शरीराने दिली नाही. एरवी धडधाकट माणसाच्या सांध्यात पू झाला तरी ताप निम्म्याच्या आसपास रुग्णांनाच असतो. तेव्हा ही औषधं घेणाऱ्याने ‘ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही’ हा हिशेब सोडून द्यावा. दिवसाला २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोन आठवड्यांहून जास्त चाललं की प्रतिकारशक्ती चांगलीच खाली आली असं धरून चालतात. लोक महागड्या इंजेक्शनांना घाबरतात आणि स्टिरॉइडची स्वस्त गोळी बिनघोर घेतात. गंभीर जंतुसंसर्गाच्या बाबतीत ती गोळी बहुतेकदा जास्त घातक ठरते.

रक्ताचे रिपोर्टही इथे फसवतात. स्टिरॉइडमुळे पांढऱ्या पेशींचा आकडा इन्फेक्शन नसतानाही १२–१५ हजारांवर जातो, आणि कोलायटिस उसळलेला असेल तर सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) आधीच वाढलेलं असतं. म्हणजे आकडा वाढला तरी उलगडा होत नाही, आणि वाढला नाही तरी निश्चिंत होता येत नाही. उत्तर सांध्यातल्या पाण्यातच असतं.

कल्चर रिकामं आलं ते त्या पाच दिवसांच्या गोळ्यांमुळे असण्याची शक्यता सर्वांत जास्त. गोळीतलं औषध सांध्याच्या पाण्यातले जंतू इतके कमी करतं की प्रयोगशाळेत ते वाढत नाहीत, पण अस्तरात दबा धरून बसलेल्यांना ते संपवत नाही. मग डॉक्टरांना नेम न धरताच औषध निवडावं लागतं आणि संशय असलेला एकही जंतू सुटू नये म्हणून दोन-तीन अँटिबायोटिक्स एकत्र द्यावी लागतात. सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्तवाहिन्यांपासून वेगळं ठेवणारा पडदा नसतो. त्यामुळे त्वचेवरच्या जखमेतून, लघवीच्या मार्गातून किंवा सुजलेल्या आतड्यातून रक्तात आलेला जंतू तिथे सहज उतरतो. कुर्चेला (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला) स्वतःची रक्तवाहिनी नाही, तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यावर होतं. त्या पाण्याचा पू झाला की पांढऱ्या पेशींतले पाचक रस कुर्चाच विरघळवू लागतात. हे नुकसान काही दिवसांतच सुरू होतं आणि झिजलेली कुर्चा परत येत नाही. भावाचा गुडघा पूर्ण वाकत नाही तो बहुधा याचमुळे. मात्र फिजिओथेरपी सोडू नये, पहिल्या सहा महिन्यांत बराच वाक परत मिळू शकतो.

क्रम कसा असायला हवा होता, ते लिहितो. अशा रुग्णाचा एक सांधा एक-दोन दिवसांत सुजला, गरम लागला आणि हलवताना कळ येऊ लागली, की त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. शनिवार संध्याकाळ असली तरी ‘सोमवारी बघू’ नाही. सुरगाणा, पेठ, कळवणकडून निघणाऱ्यांनी गुडघ्याखाली उशी देऊन तो जरासा वाकलेला ठेवावा, ताण कमी पडतो. सांधा धुवायची वेळ आली तर भूल द्यावी लागते, म्हणून निघण्याआधी पोटभर जेवू नये. घन अन्नाला सहा तास उलटलेले असावे लागतात. फाइलच्या वरच एका कागदावर औषधांची नावं, डोस, आणि शेवटचं इंजेक्शन किंवा सलाइन कोणत्या तारखेला झालं ते लिहून न्यावं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगावं : ‘मी प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध घेतो.’

तिथे रक्ताचं कल्चर दोन वेगवेगळ्या जागांहून घेतात आणि सुईने सांध्यातलं पाणी काढतात. अँटिबायोटिक त्यानंतर. अपवाद एकच : बीपी पडलं असेल, रुग्ण बरळत असेल, हातपाय गार पडले असतील, तर रक्त घेऊन औषध लगेच सुरू करतात, पाण्यासाठी थांबत नाहीत. पाणी तीन भागांत जातं. पेशी मोजायला जांभळ्या टोपणाची नळी, जंतू वाढवायला निर्जंतुक डबी किंवा थेट ब्लड कल्चरची बाटली, आणि गाउटचे स्फटिक आहेत का ते पाहायला थोडंसं. कल्चरचा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो, काही जंतू थंडीने मरतात. नातेवाइकांच्या हातात नमुना दिला तर वाटेत चहाला न थांबता तो प्रयोगशाळेत पोचवावा. पेशी दर मायक्रोलिटरला ५० हजारांच्या वर असल्या तर पू असल्याचा संशय पक्का होतो. पण पांढऱ्या पेशीच दाबलेल्या असल्याने या रुग्णांत आकडा २०–३० हजारांवरच अडू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर जंतू दिसतात ते फार तर निम्म्यांना. म्हणून स्लाइड कोरी आली तरी कल्चरची वाट पाहत उपचार चालू ठेवतात.

‘एकदा पाणी काढलं की पुन्हा पुन्हा काढावं लागतं’ हे जे गावोगाव ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. पाणी पुन्हा भरतं ते आतला आजार संपला नाही म्हणून. पू असेल तर तो काढावाच लागतो : सुईने, दुर्बिणीने कित्येक लिटर सलाइनने धुऊन, किंवा सांधा उघडून. खुब्यासारखा खोल सांधा बहुतेकदा उघडूनच धुतात. अँटिबायोटिक सुरुवातीला शिरेतून, साधारण दोन आठवडे, मग गोळ्या. सगळं मिळून चार ते सहा आठवडे. मध्येच सूज उतरली म्हणून गोळ्या बंद करणारे पुन्हा दाखल होतात.

प्रश्न : मला कोलायटिसमुळेच सांधेदुखी होते असं पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. मग आजाराचं दुखणं कोणतं आणि जंतूंचं कोणतं, हे घरी कसं ओळखू?
— पंचवटी

उत्तर : घरी खात्रीने ओळखता येत नाही, संशय मात्र घेता येतो. आतड्याच्या आजाराची सांधेदुखी दोन तऱ्हांची असते. एकीत गुडघा, घोटा असे मोठे सांधे, पाचापेक्षा कमी, आणि पोट बिघडलं की तेही बिघडतात. पोट शांत झालं की बहुधा दहा आठवड्यांच्या आत तेही शांत होतात. दुसऱ्या तऱ्हेत हाताचे छोटे सांधे, पाच किंवा जास्त, आणि ते पोटाचं काही ऐकत नाहीत, महिनोन्महिने दुखतात. याशिवाय कंबर आणि माकडहाडाच्या बाजूचे सांधे. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले असतात, चालल्या-फिरल्यावर मोकळे होतात. सोबत कधी नडगीवर लाल दुखऱ्या गाठी, कधी डोळा लाल.

जंतूंचं दुखणं बहुधा एकाच सांध्याला धरतं (निम्म्या वेळा गुडघ्याला) आणि हालचालीने मोकळं होत नाही, उलट वाढतं. दुसऱ्याने हळूच हलवून पाहिलं तरी माणूस ओरडतो, पाय टेकवत नाही. पोट अगदी ठीक असतानाही ते येतं. नेहमीच्या दुखण्याची ज्याला सवय आहे त्याला ‘हे नेहमीचं नाही’ हे पहिल्याच दिवशी कळतं, त्या जाणिवेवर विश्वास ठेवावा. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या चढून आल्यावर दोन्ही गुडघे ठणकले आणि रात्रीच्या झोपेने उतरले, तर ती वेगळी गोष्ट.

एक गोंधळ आणखी होतो. इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या सलाइननंतर, विशेषतः मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू केल्यावर, तीन ते बारा दिवसांत अनेक सांधे, जबडा, अंगावर पुरळ आणि ताप असा प्रकार काहींना होतो. ती औषधाची उशिराची ॲलर्जी असते. अनेक सांधे एकदम आणि अंगावर पुरळ, ही तिची खूण. तरीही पोटाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं.

थर्मामीटर लावायच्या आधी पॅरासिटामॉल घेऊ नये, आकडा खोटा येतो. आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आतड्याचा आजार उसळवू शकतात. मेडिकलवाल्याने ‘सांध्याची चांगली गोळी’ म्हणून दिली तरी नावं वाचून बघा.

प्रश्न : दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅब ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घरीच घेते. घोट्याला सूज आहे आणि परवा डोसची तारीख आहे. घेऊ का? चुकलं तर आजार उसळेल ना?
— सिडको

उत्तर : सूज कशाची हे ठरेपर्यंत इंजेक्शन फ्रिजमध्येच राहू द्या. फोन करून पोटाच्या डॉक्टरांना कळवा आणि घोटा आजच दाखवा. डोस काही दिवस पुढे गेल्याने आजार लगेच उसळत नाही, कारण हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे दोन आठवडे लागतात. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या : आज थांबवलं तरी पुढचे काही आठवडे प्रतिकारशक्ती खालीच असते.

जंतुसंसर्ग निघाला तर तो पूर्ण बरा होईपर्यंत इंजेक्शन बंद, बहुतेकदा अझाथायोप्रिनही. पुन्हा कधी सुरू करायचं हे हाडांचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून ठरवतात. सांध्यातला पू संपला का, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा झाला का, पोट किती सांभाळून आहे, हे सगळं पाहून. कधी पुन्हा तेच, कधी आतड्यापुरतं काम करणारं वेडोलिझुमॅब. स्टिरॉइडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर शरीराची स्वतःची स्टिरॉइडची निर्मिती झोपलेली असते. आजारपणात एकदम थांबवलं तर बीपी कोसळतं. उलट अशा वेळी डॉक्टर डोस तात्पुरता वाढवतात किंवा हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून देतात.

गुडघा बदलण्यासारखं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर ते डोसच्या चक्राच्या शेवटी बसवतात. दोन आठवड्यांचं इंजेक्शन असेल तर तिसऱ्या आठवड्यात, आठ आठवड्यांचं सलाइन असेल तर नवव्या. जखम भरल्यावर औषध पुन्हा सुरू.

प्रश्न : अझाथायोप्रिन घेतो. पायाचा अंगठा सुजला, युरिक ॲसिड ७.८ आलं म्हणून फेबुक्सोस्टॅट सुरू केलं आहे. चालेल ना?
— सिन्नर

उत्तर : नाही. आजच दोन्ही डॉक्टरांना सांगा, आणि ते होईपर्यंत नवी गोळी घेऊ नका. शरीरात अझाथायोप्रिन मोडण्याचं काम ज्या एन्झाइमकडे असतं, तेच एन्झाइम फेबुक्सोस्टॅट आणि ॲलोप्युरिनॉल बंद पाडतात. अझाथायोप्रिन साचतं, अस्थिमज्जा दबते आणि पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली जातात. तोंड येणं, घसा दुखणं, अंगावर निळे डाग या खुणा, पण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्याआधी करून घ्या. (काही पोटविकारतज्ज्ञ ॲलोप्युरिनॉल जाणूनबुजून देतात, पण तेव्हा अझाथायोप्रिन चतुर्थांश-तृतीयांशावर आणलेलं असतं आणि रक्ताची तपासणी वरचेवर होते.) आपल्या लोकांत अझाथायोप्रिन सहन न होणारा जनुकीय फरक युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो. एनयूडीटी१५ नावाच्या चाचणीने तो आधीच कळतो. राहिला अंगठा : युरिक ॲसिड वाढलेलं असणं म्हणजे गाउट (सांध्यात त्याचे स्फटिक साचून येणारी सूज) नव्हे. स्फटिक पाण्यातच दिसावे लागतात, आणि स्फटिक दिसले तरी सोबत पू असू शकतो.

प्रश्न : इन्फ्लिक्सिमॅब सुरू करण्याआधी मांटू (टीबीसाठीची त्वचेची चाचणी) आणि छातीचा एक्स-रे दोन्ही ठीक होते. आता चार महिन्यांपासून मनगट सुजलेलं आहे. फार दुखत नाही, ताप नाही. टीबी तर नाही ना?
— मालेगाव

उत्तर : असू शकतो, आणि तपासायलाच हवा. मांटू केली तेव्हा तुम्ही स्टिरॉइडवर होता का? तसं असेल तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून अशा रुग्णांत फुगवटा ५ मिलिमीटर भरला तरी ती पॉझिटिव्ह धरतात आणि जमल्यास रक्ताची आयजीआरए चाचणीही करतात. शिवाय चाचणीनंतरही, आपल्याकडे टीबी इतका पसरलेला असताना, नव्याने लागण होऊ शकते. १९९८ साली इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं. २००१ साली या औषधावर असताना टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यातल्या ४० जणांचा टीबी फुफ्फुसांबाहेरचा होता. छातीचा एक्स-रे स्वच्छ असल्याने फुफ्फुसांबाहेरच्या टीबीबद्दल निश्चिंत होता येत नाही.

सांध्याचा टीबी पूसारखा धावत येत नाही. तो महिने घेतो, सांधा फारसा गरमही नसतो. नुसतं पाणी काढून तो बऱ्याचदा हाती लागत नाही. अस्तराचा तुकडा काढून त्यावर सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), कल्चर आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते. सीबीनॅटचा निकाल काही तासांत येतो, कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. तोवर ‘बघू या’ म्हणून लेव्हो किंवा ऑफ्लॉक्ससारखी अँटिबायोटिक्स घेऊ नका. ती टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि निदान लांबवतात. आणि त्या मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी देऊ केलं तर तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत नको म्हणा. टीबी ठरला तर हाडांसाठीचे उपचार साधारण वर्षभर, कधी दीड वर्ष. औषधं सरकारी क्षयरोग केंद्रातून मोफत मिळतात. त्यातलं रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी करतं, म्हणून पोटाच्या डॉक्टरांना डोस पुन्हा बसवावा लागतो.

प्रश्न : मुलाला (वय २४) क्रोन्स आहे. उजव्या खुब्यात दुखतं, लंगडतो, रात्री पाय पोटाशी घेऊन झोपतो. एक्स-रे नॉर्मल. स्टिरॉइडमुळे खुबा खराब झाला असेल असं एक जण म्हणाले.
— निफाड

उत्तर : पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात : पाय पोटाशी घेऊन झोपतो. कमरेच्या मणक्यांपासून मांडीत उतरणारा सोआस नावाचा स्नायू असतो. क्रोन्समध्ये लहान आतड्याचा शेवटचा भाग सुजतो, तो या स्नायूला लागूनच असतो, उजव्या बाजूला. आतड्याला बारीक छिद्र पडलं तर स्नायूत गळू होतं, आणि पाय सरळ केला की कळ येते. माणसाला वाटतं खुबा गेला. खुब्याच्या एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. पोट आणि ओटीपोटाचं सीटी किंवा एमआरआय लागतं. ते या आठवड्यात नव्हे, आज-उद्या करा. गळू निघालं तर सोनोग्राफीखाली नळी घालून पू काढतात आणि मग आतड्याचा बंदोबस्त.

त्या गृहस्थांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही. स्टिरॉइडने खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, जांघेत दुखतं, वजन टाकलं की वाढतं. सुरुवातीला एक्स-रे त्यातही नॉर्मलच असतो, एमआरआयमध्येच दिसतं. सांगायचं एवढंच की एकाच एमआरआयमध्ये दोन्ही शंका फिटतात.

प्रश्न : सुजलेल्या सांध्यावर शेक, मालिश, जळवा, डाग यांपैकी काय चालेल?
— येवला

उत्तर : तुम्ही ही औषधं घेत असाल तर यांपैकी एकही नाही. जळवा आणि डाग म्हणजे जंतूंना उघडं दार. पुड्यांतून मिळणाऱ्या ‘सांधेदुखीच्या औषधा’त बऱ्याचदा स्टिरॉइडच असतं, आणि तुमचा डोस किती झाला हे मग कुणालाच कळत नाही.

प्रश्न : फक्त मेसालामाइन घेतो. हे सगळं मला लागू आहे का?
— सातपूर

उत्तर : नाही, मेसालामाइन प्रतिकारशक्ती दाबत नाही. पण एकच सांधा एकाएकी गरम होऊन सुजला तर कोणीही त्याच दिवशी दाखवावं.

प्रश्न : द्राक्षबाग आणि थोडा गुलाब आहे. इन्फ्लिक्सिमॅब सुरू आहे. ऑक्टोबर छाटणीला बागेत उतरू का?
— पिंपळगाव परिसर

उत्तर : उतरा, पण तयारीने. जाड हातमोजे, पूर्ण बूट, आणि खाली बसून काम असेल तर गुडघ्यांवर जाड पट्टा. कात्रीचा चरा पडला तर जागच्या जागी वाहत्या पाण्याने आणि साबणाने पाच मिनिटं धुवा, कोरडं करून झाका. त्यावर हळद, माती, चुना काही नको. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर दवाखाना. टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्यांतलं चिखल्याचं इन्फेक्शन भरून घ्या, पायाकडून येणारा जंतू बऱ्याचदा तिथूनच आत शिरतो. उघडी जखम असेल तोवर गोदावरीत डुबकी नको. २०२७ च्या सिंहस्थातही हाच नियम. गोठ्यात काम करत असाल तर दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेला नेमका माकडहाडाच्या सांध्यात बसतो आणि कोलायटिसची कंबरदुखी म्हणून दुर्लक्षिला जातो. मोड आलेली मटकीही कच्ची न खाता शिजवून खा, मोडांच्या ओलाव्यात साल्मोनेला झपाट्याने वाढतो.

गुलाबाच्या आणि बाभळीच्या काट्याची गोष्ट निराळी. सांध्याजवळ काटा घुसला आणि ओढून काढला, तरी टोक आत मोडून राहू शकतं. दोन-चार आठवड्यांनी तो सांधा सुजतो, तोवर काटा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो. गुलाबाच्या काट्यावरून एक बुरशीही आत जाते, ती साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही. एक्स-रेत काटा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. डॉक्टरांना काट्याचं आठवणीने सांगा, आणि कल्चर पाठवताना बुरशीसाठीही वेगळं पाठवायला सांगा. त्याला चार आठवडे लागतात.